आजीच्या वहीतला 'न'

प्रिय सोनू,

तू पाठवलेलं आवाजातलं उत्तर मी दोनदा ऐकलं. मराठी भाषा गौरव दिनाला तू वर्गात आजीकडून शिकलेलं गाणं म्हटलंस, त्यात 'पानी' आलं, पोरं हसली आणि बाईंनी 'पाणी' म्हणायला लावलं. शेवटी हळूच विचारलंस, "पप्पा, आजी अशुद्ध बोलते का?"

नाही. आजी सिन्नरकडची मराठी बोलते. "काय करून राह्यली गं?" हे तिचं वाक्य नाशिकच्या बाजारात दिवसभर ऐकू येतं. अहिराणीत पाणी 'पानी' आहे, वऱ्हाडीतही 'पानी'च. एवढ्या माणसांची जीभ एकदम चुकत नसते. इंग्रजी अमदानीत शाळेची पुस्तकं छापायची वेळ आली, तेव्हा लिहिण्याची एक रीत ठरवावी लागली. ती ठरवणाऱ्यांत पुण्याकडची शिकलेली माणसं होती, म्हणून त्यांच्या घरातलं बोलणं शुद्ध ठरलं. आपल्या लोकांना तेव्हा शाळेच्या ओट्यावरही बसू देत नव्हते, त्यांना कोण विचारणार?

पण मला तुला दुसरंच सांगायचंय. मीही एकदा तुझ्या बाईंसारखा वागलो होतो.

आजी तेव्हा विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीनं कापलेली तेंदूची पानं आणि शेजारी उघडी वही. अक्षरं ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकली होती. चौदा एप्रिलला वस्तीत गाण्याचा कार्यक्रम व्हायचा, तिथं ऐकलेली वामनदादा कर्डकांची गाणी ती घरी येऊन, जशी कानात राहिली तशी, उतरवून ठेवायची. मी सहावीत होतो, शुद्धलेखनात पहिला आलो होतो. एका दुपारी लाल पेन घेतलं आणि तिची अख्खी वही तपासली. पानीचं पाणी, कव्हाचं केव्हा, व्हतंचं होतं. वाटलं, आई खूष होईल.

संध्याकाळी तिनं वही समोर घेऊन गाणं धरलं आणि तिसऱ्या ओळीला थांबली. पुन्हा धरलं, पुन्हा तिथंच अडली. मग म्हणाली, "वाचता येतंय रे, पन गाता नाही येत." एवढंच. वही मिटली आणि सुपाकडं बघत पाठ होतं तसं म्हणत राहिली.

ती का अडली हे मला फार उशिरा कळलं. 'व्हतं'चं 'होतं' केलं की ओळीत एक मात्रा वाढते आणि ठेका मोडतो. मी चूक दुरुस्त केली नव्हती, गाणं मोडलं होतं.

आता वामनदादांचं ऐक. जन्म 1922चा, गाव देशवंडी, आपल्या सिन्नर तालुक्यातलं. पोटासाठी मुंबईला गेले तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं. कुणी तरी एक पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि त्यांना ते जमेना, याची त्यांना फार लाज वाटली. मग ते एका मास्तरांकडून मुळाक्षरं शिकले आणि जोडाक्षरं दुकानांच्या पाट्या वाचत. त्याच माणसानं पुढं हजारो गाणी रचली आणि 2004 साली जाईपर्यंत गावोगाव गाऊन बाबासाहेबांचा विचार पोचवला. धनाच्या साठ्यातला आमचा वाटा विचारणारं त्यांचं एक गाणं आहे. त्यात त्यांनी 'कुठे आहे' असं म्हटलं नाही, 'कुठाय हो' म्हटलं. हिशेब मागणारा माणूस असाच बोलतो. मला तर त्या एका शब्दात सबंध चळवळ ऐकू येते.

ही चळवळ आपल्या नाशिकात फार खोल गेलेली आहे. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला. दिंडोरीकडचे दादासाहेब गायकवाड तो पुढं चालवत होते. रामनवमीला दगड पडले, तरी माणसं हटली नाहीत, आणि वर्षानुवर्षं झगडूनही दार उघडलं नाही. मग 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात, याच जिल्ह्यात, हिंदू म्हणून मरणार नाही हे बाबासाहेबांनी जाहीर केलं. सत्याग्रहाच्या वेळी वामनदादा सात वर्षांचे होते, तुझ्याहून लहान. जे दाराबाहेर उभे होते त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यापर्यंत हे सगळं जलशांतून आणि गाण्यांतून गेलं. ते लोक जसं बोलत होते तशाच भाषेत.

बाईंवर रागावू नकोस. परीक्षेत 'पाणी'च लिही, ती रीतही आपलीच आहे आणि ती येण्यासाठी आपल्या माणसांनी फार सोसलंय. पण गाणं आजीसारखंच म्हण. इथं हांबुर्गात माझ्यासोबतचे लोक सकाळ-संध्याकाळ एकमेकांना 'मोईन' म्हणतात, तो त्यांच्याकडचा शब्द आहे. साहेबही तेच म्हणतो, कुणी हसत नाही.

ती वही आजीच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली आहे. माझी लाल शाई अजून तिच्यात असेल. रविवारी आजीला ती उघडायला लाव. लाल अक्षरं सोडून दे, खालची निळी वाच, आणि आजी गाईल तेव्हा फोन तिच्या जवळ धर.

तुझा,
पप्पा