वाचक विचारतात : ‘बस’ या विषयावर कुणी भाषण करतं का?

या वेळच्या गठ्ठ्यातली निम्मी पत्रं वक्तृत्व स्पर्धेचीच आहेत. शाळा सुरू झाल्या की दरवर्षी हेच, कारण पुढे १ ऑगस्ट येतो, टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती एकाच दिवशी, आणि घराघरात आया भाषणं लिहायला बसतात. चार पत्रं निवडलीयेत.

ताई नमस्कार, मुलगा पाचवीत आहे. शाळेने यंदा विषय दिलेला नाही, ज्याचा त्याने निवडायचा, वेळ तीन मिनिटं. हा म्हणतो ‘बस’. मी म्हटलं अरे पर्यावरण घे, मोबाईल शाप की वरदान घे, मी नेटवरून छान लिहून देते, तर रुसून बसलाय. बसवर तीन मिनिटं काय बोलणार? नंबर जाऊ दे, निदान हसं तरी होऊ नये. – एक आई, कोथरूड

अहो, हसं कशाला होईल! मी परीक्षक म्हणून बसते ना, तेव्हा एका दुपारी ‘मोबाईल शाप की वरदान’ सात-आठ वेळा ऐकावं लागतं, सगळे शेवटी ‘वापर आपल्या हातात आहे’ इथेच येऊन थांबतात, तोवर माझा चहा गार झालेला असतो आणि डोकं गरम. त्यात एखादा पोरगा उठून बस म्हणाला तर मी खुर्चीत सरळ होऊन बसेन.

पण तुमचं एक बरोबर आहे, नुसतं ‘बस’ हा विषय नाहीये, ते शीर्षक झालं. विषय त्याच्या आत कुठेतरी आहे आणि तो काढायला त्याला प्रश्न विचारायचे, लिहून द्यायचं नाही. संध्याकाळी भाजी निवडताना सहज विचारा, बसमध्ये तुला काय आवडतं, कशाचा राग येतो, कुठली गोष्ट कळत नाही? हा तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. माझ्या भाच्याला विचारलं होतं तर तो म्हणाला, अर्धा तास बस येतच नाही आणि मग एकाच नंबरच्या दोन एकदम कशा येतात? हा झाला विषय! आणि याला खरंखुरं उत्तर आहे. पुढची बस ट्रॅफिकमध्ये जरा लेट झाली की स्टॉपवर माणसं जास्त साठतात, त्यांना चढायला-उतरायला वेळ लागतो, ती आणखी लेट होते, आणि मागच्या बसला स्टॉप रिकामेच मिळतात म्हणून ती भराभर येऊन हिला गाठते. म्हणून पुढची खचाखच आणि मागची निम्मी रिकामी. भाच्याने हे जेवणाच्या टेबलावर वाटीची आणि पेल्याची बस करून शेंगदाण्यांचे पॅसेंजर चढवून दाखवलं, भाषण तिथेच तयार झालं, लिहायचं कामच उरलं नाही.

तुमच्या मुलाचा प्रश्न वेगळा निघेल, निघू दे. घरातले आजोबा अजून ‘पीएमटी’च का म्हणतात हेसुद्धा चालेल (पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी २००७ मध्ये एकत्र करून पीएमपीएमएल झाली, आजोबांना ते मान्य नाही एवढंच). एका रविवारी त्याला घेऊन डेपोत जा, कंडक्टरकाकांना दोन प्रश्न त्यालाच विचारू दे, तुम्ही चार पावलं मागे थांबा. त्यांनी जे सांगितलं ते नेटवर मिळणार नाही आणि ते त्याचं स्वतःचं असेल. माझी एक सोपी कसोटी आहे, भाषण झाल्यावर कुणी उलटा प्रश्न विचारला तर मूल उत्तर देईल का? देईल तर विषय त्याचा, आणि आईकडे बघायला लागलं तर विषय आईचा.

मुलगी सातवीत, पाठांतर एकदम पक्कं, घरी एकही शब्द चुकत नाही. मागच्या वर्षी स्टेजवर एक वाक्य विसरली आणि तिथेच थांबली, पुढचं काहीच आठवेना, रडत खाली आली. आता विषयच नको म्हणते. काय करावं? – एक बाबा, हडपसर

पाठांतर पक्कं होतं म्हणूनच असं झालं हो. अख्खं भाषण शब्दाला शब्द घोकलं की ती माळ होते, एक मणी निसटला की सगळीच सुटते. या वेळी पाठ फक्त पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य करायचं, मधलं सांगायचं. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार शब्द, वाक्य नाही, शब्द, आणि शक्यतो दिसतील असे, म्हणजे ‘वाटी’, ‘पेला’, ‘शेंगदाणे’, ‘आजोबा’. एक विसरला तरी दुसऱ्यावर उडी मारता येते आणि खाली बसलेल्या कुणालाही पत्ता लागत नाही.

सराव आरशासमोर नको, आरसा ऐकत नाही. रोज वेगळ्या माणसाला सांगायचं, आज आजीला, उद्या शेजारच्या काकूंना, परवा धाकट्या भावाला, आणि भाऊ चुळबुळायला लागला तो भाग सरळ कापायचा, त्याच्याइतका प्रामाणिक परीक्षक मिळणार नाही. एकदा कुकरच्या शिट्ट्या चालू असताना पण करून घ्या, शाळेच्या हॉलमध्ये याहून जास्त आवाज असतो. वेळ मोबाईलवर लावा, तीन मिनिटांचं असेल तर घरी अडीचच भरायला हवं.

आणि माईक! मोठ्या माणसाच्या उंचीला लावलेला असतो, पोरं टाचा उंचावून बोलतात आणि मग श्वास पुरत नाही. ‘सर, माईक जरा खाली करता का?’ हे वाक्य घरी मोठ्याने म्हणायचा सराव करा, खरंच. स्टेजवर जाऊन पहिलं वाक्य हेच बोलली तर आवाजही मोकळा होतो. रडली ते मात्र पुन्हापुन्हा काढू नका, नातेवाईकांसमोर तर अजिबात नको.

माझा नातू भाषणात ‘भारी’, ‘टेन्शन’, ‘जाम’ असले शब्द वापरतो. आमच्या वेळी शुद्ध मराठी लागे. शिवाय शाळेने विषय टिळकच दिलेला आहे, तेव्हा निवडीचा प्रश्नच येत नाही. – एक आजोबा, सदाशिव पेठ

काका, नमस्कार. विषय दिला तरी निवड असतेच. एका १ ऑगस्टला मी एका शाळेत ओळीने अकरा पोरांकडून शेंगांची टरफलं ऐकली, सहाव्या पोरापासून अख्खा हॉल ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत’ कोरसमध्ये म्हणत होता. बाराव्या मुलीने सांगितलं की मंडालेच्या तुरुंगात टिळकांना शाई मिळत नव्हती म्हणून ‘गीतारहस्य’ त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, आणि मग म्हणाली, मी घरी पेन्सिलीने सलग दहा पानं लिहून बघितली, माझं बोट असं झालं, आणि बोट वर करून दाखवलं. हॉल एकदम चिडीचूप. नातवाला एक दिवस नारायण पेठेत केसरीवाड्यात घेऊन जा, तुमच्यापासून चालत जाण्याइतकंच आहे, त्याला जिथे थांबावंसं वाटेल तिथे त्याचा विषय.

शब्दांचं म्हणाल तर ‘जाम’ काढायला लावा, ‘भारी’ राहू दे, ‘टेन्शन’ला माझ्याकडेही दुसरा शब्द नाही, ‘ताण’ म्हटलं की डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटतं. माझी खरी तक्रार आहे ती ‘व्यासपीठावर विराजमान असलेले’पासून सुरू होऊन ‘चार शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती’पर्यंत जाणाऱ्या गाडीवर, तीनातलं अर्धं मिनिट तिथेच जातं. नुसतं ‘नमस्कार’ पुरे.

तुम्हाला एक काम सांगते. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, उन्हाळ्यात टिळक स्मारकला असते, पुढच्या खेपेला नातवाला एक दिवस घेऊन जा. सगळं भाषण कळायची गरज नाही, वक्ता पाणी कधी पितो, कुठे थांबतो, कागदाकडे किती वेळा बघतो एवढंच त्याने मोजायचं. येताना भेळ.

ताई, मी सहावीत आहे. मला ‘आमच्या सोसायटीत खेळायला जागा का नाही’ यावर बोलायचंय. आई म्हणते भांडणं होतील, दुसरा विषय घे. घेऊ का? – एक मुलगी, सिंहगड रोड

नको घेऊस. पण नुसती चिडचिड करून उपयोग नाही, आधी कामाला लाग. रविवारी सकाळी खाली जाऊन गाड्या मोज, चारचाकी वेगळ्या, दुचाकी वेगळ्या, आणि धूळ बसलेल्या, महिनोन्‌महिने न हललेल्या किती ते पण मोज. मग टेप घेऊन एक गाडी किती जागा खाते ते माप आणि तेवढ्यात लंगडीचं मैदान किती बसतं ते काढ. वॉचमनकाकांना विचार, सेक्रेटरी काकांनाही विचार, त्यांची बाजू काय आहे ते भाषणात त्यांच्याच शब्दांत सांग, वेडावून नाही. कुणाचा फ्लॅट नंबर घेऊ नकोस, म्हणजे आईची काळजी मिटली.

सेक्रेटरी काकांना ऐकायला बोलाव, फक्त पहिल्या रांगेत बसवू नकोस, तुलाच हसू येईल.