पणजोबांचा माग कुठून काढायचा? तुमचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : आजोबा साताऱ्याकडचे, लहानपणीच मुंबईला गिरणीत आले. गावात आता आमचं कुणी नाही, जमीनही विकली गेली. पणजोबांचं नुसतं नाव माहितेय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : जमीन विकली गेली म्हणून हात टेकू नका, उलट जमिनीचा व्यवहार झाला की कागद तयार होतो. आजच्या सातबाऱ्यावर आजचा मालक दिसणार, तो बघत बसू नका, त्यावरचे फेरफार नंबर, म्हणजे जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेल्याच्या नोंदींचे नंबर, धरा आणि एकेक करत मागे मागे जा. जुने फेरफार म्हणजे गाव नमुना ६. कोण कधी वारलं, वारस कोण लागले, शेत कुणाकडे गहाण पडलं, किती रुपयांना, हे सगळं त्यात सापडतं. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने कागद सरकारच्या महाभूमी साईटवर स्कॅन करून ठेवलेत, तिथे नसतील तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज द्या, आणि त्याच फेरीत गाव नमुना १४ पण मागा, म्हणजे कोतवाल बुक, जन्ममृत्यूच्या नोंदी. त्यात आडनाव शोधू नका, बऱ्याचदा नसतंच. 'रामा बिन सखाराम' असं असतं, बिन म्हणजे मुलगा.

१९१८ च्या दसरा-दिवाळीच्या सुमाराची पानं निघाली तर जरा सावकाश वाचा. एकाच घरातली तीन-चार नावं पाठोपाठ आणि कारण नुसतं 'ताप', ती इन्फ्लुएंझाची साथ. मी अशी पानं कितीदा वाचलीत तरी अजून पटकन उलटवता येत नाहीत. कदाचित आजोबा इतक्या लहान वयात मुंबईला का आले याचं उत्तर तिथेच असेल.

आणि हो, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर तिच्यावर विसंबू नका, तारीख माहीत नसली की मास्तर सर्रास तीच टाकायचे.

प्रश्न : घरात तळहातापेक्षा मोठं ब्राँझचं गोल मेडल आहे. सिंह, त्रिशूळ घेतलेली बाई आणि पणजोबांचं नाव. ते बसऱ्याला लढाईला गेले होते एवढंच ऐकलंय. त्यांचा हुद्दा काय असेल?

उत्तर : ते मेडल नाही हो. पहिल्या महायुद्धात जे परत आले नाहीत त्यांच्या घरी ही तबकडी पाठवली जायची. त्यावर हुद्दा मुद्दामच लिहिलेला नसतो, सगळ्यांना सारखीच. युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साईटवर शोधा, पण नुसत्या नावावर जाऊ नका, इंग्रज कारकुनाने स्पेलिंग कसंही केलेलं असतं. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गाव दिलेलं असतं, ते जुळवा. पलटण १०३, ११० किंवा ११७ मराठा निघाली तर मृत्यूची तारीख नीट बघा. या पलटणी इराकमधल्या कूतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या, २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली, आणि त्यानंतरची तारीख असेल तर पणजोबा तुर्कांच्या कैदेत गेले असण्याची शक्यता मोठी आहे. बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, नुसती संख्या टाकली, याचा मला अजून राग येतो. तुमच्या घरातल्या तबकडीवर मात्र नाव आहे, ती मोडीत देऊ नका.

प्रश्न : मोडी जाणकाराने आमचा कागद वाचून दिला, पण साल 'खमस सबैन मया व अलफ' म्हणे. हे कुठलं साल?

उत्तर : हा शुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांत असायचा, आकडे अरबी शब्दांत. खमस ५, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, म्हणजे ११७५. त्यात ५९९ मिळवा, १७७४. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे कागद जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६०० मिळवून १७७५. फसली, म्हणजे दुसरा एक महसुली सन, लिहिलं असेल तर हिशोब वेगळा, तिथे साधारण ५९०.

प्रश्न : वंशावळीचा तक्ता सात पिढ्यांचा आहे, पण त्यात एकही बाई नाही. पणजीचं माहेर कसं शोधू?

उत्तर : हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी फेरफार बघा. पणजोबा मुलं लहान असताना गेले असतील तर 'अ.पा.क. आई' असं सापडेल, म्हणजे अज्ञान, वयात न आलेल्या मुलांची पालनकर्ती, तिथे तिचं नाव असतं. बाकी कागदांत 'सगुणा कोम रामा' किंवा 'भ्रतार रामा' असं बघा, म्हणजे रामाची बायको. पण हे सासरचं नाव झालं, लग्नात बदललेलं. माहेरसाठी एक युक्ती सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, त्यामुळे थोरल्या मुलाचा जन्म तुमच्या गावच्या कोतवाल बुकात नसेल तर तो तिच्या माहेरच्या गावात नोंदलेला असू शकतो. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्ये असतील तर त्यांच्या वह्याही बघा, कुणी यात्रेला गेलं की घरातल्यांची नावं लिहून घ्यायची त्यांची पद्धत, कधीकधी बायकांचीही असतात.

पण या सगळ्याच्या आधी घरातली सगळ्यात म्हातारी आत्या गाठा, आणि तिला पणजीचं गाव विचारू नका, पणजी जात्यावर काय म्हणायची ते विचारा. ओवीत माहेरच्या वाटेवरची नदी येते, भावाचं नाव येतं, कधी गावदेवही येतो. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा आणि मग त्या नदीकाठची गावं नकाशावर काढा.