पत्ता तुमचा, मेल भलत्याचा

या महिन्यात आलेली चार पत्रं एकाच दुखण्याची आहेत. कुणाच्या नावाने भलताच माणूस मेल पाठवतो, तर कुणाचा खरा मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतो. रत्नागिरीत राहून मी छोट्या उद्योगांचे मेल आणि वेबसाइट सांभाळते. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत आता अनेकांनी स्वतःचं डोमेन (ईमेल पत्त्यात @ नंतर येणारं नाव) घेतलं आहे, पण त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नावाने इंटरनेटवर ठेवलेल्या नोंदींत, मेल खरोखर त्याच डोमेनचा आहे का हे पडताळायला लागणारी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तीन रेकॉर्ड कशी आहेत, हे क्वचितच कुणी उघडून पाहतं. म्हणून हे सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे. रेकॉर्डमधली अक्षरं इथे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत करायची.

प्रश्न : तारकर्लीजवळ आमचं घरगुती निवास आहे. मेच्या सुट्टीत दोन पाहुण्यांना आमच्याच पत्त्यावरून मेल गेला : ‘खातं बदललं आहे, अ‍ॅडव्हान्स या नव्या खात्यात भरा.’ पुण्याच्या कुटुंबाने साडेआठ हजार भरलेसुद्धा. आमच्या ‘सेंट’मध्ये असा मेल नाही. पासवर्ड बदलला. वेबसाइट करून देणारे म्हणतात, एसपीएफ टाकलेलं आहे, तुमच्याकडून काही चूक नाही. मग हे झालं कसं?
— एक वाचक भगिनी, मालवण तालुका

उत्तर : ताई, आधी पाहुण्यांचं बघू. ज्यांचे पैसे गेले त्यांनी सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार केली नसेल तर आजच करायला सांगा, आणि त्यांच्या बँकेलाही कळवू द्या. येणारं बुकिंग असलेल्या प्रत्येकाला तुम्ही स्वतः फोन करून खातं बदललेलं नाही हे सांगा. हे मेलवर सांगू नका. सध्या तुमच्या मेलवर त्यांचा विश्वास का बसावा?

मग त्या पाहुण्यांकडून मूळ मेल मागवा. स्क्रीनशॉट चालणार नाही आणि नेहमीसारखा फॉरवर्ड केलेलाही नाही, कारण त्यात मूळ हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाच्या नोंदी, राहत नाहीत. जीमेल असेल तर संगणकावर मेल उघडून तीन टिंबांवर जायचं, ‘शो ओरिजिनल’ निवडायचं आणि तिथून डाउनलोड झालेली फाइल तुम्हाला पाठवायची. त्याच पानावर वरच्या बाजूला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा ओळी आणि त्यांच्यासमोर पास की फेल, हे दिसतं.

इथे तीन शक्यता आहेत आणि उपाय तिन्हींचे वेगळे. तुमच्याच डोमेनच्या नावाने सगळं पास असेल, तर मेल खरोखर तुमच्या खात्यातून किंवा सर्व्हरवरून गेला आहे. ‘सेंट’ रिकामं असणं हा पुरावा नव्हे, चोर मेल पाठवून पुसतो. तेव्हा पासवर्ड बदलून थांबू नका. खात्यात कुणी फॉरवर्डिंग किंवा फिल्टर लावून ठेवला आहे का ते पाहा, अ‍ॅप पासवर्ड (इतर अ‍ॅपसाठी तयार केलेले वेगळे पासवर्ड) काढून टाका, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. दुसरी शक्यता, पत्ता तुमच्यासारखा दिसतो पण एक अक्षर वेगळं आहे, एलच्या जागी एकचा आकडा वगैरे. तसं असेल तर तुमच्या रेकॉर्डचा उपयोग शून्य. ते डोमेन ज्या रजिस्ट्रारकडे नोंदवलं आहे त्याच्याकडे तक्रार करावी लागते. तिसरी म्हणजे पत्ता अक्षरन् अक्षर तुमचा, आणि डीमार्क फेल किंवा ती ओळच नाही. तुमच्या पत्रावरून मला हीच शक्यता जास्त वाटते, पण मूळ मेल पाहिल्याशिवाय ठरवू नका.

एसपीएफ असूनही खोटा मेल पोचतो, आणि तो का पोचतो हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. ईमेल पोचवण्याची एसएमटीपी ही पद्धत १९८२ साली लिहिली गेली, तेव्हा पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का हे तपासायची सोय तिच्यात नव्हती. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला जातो हे आपल्याला माहीत आहे. पेटीवर काय छापायचं ते भरणाऱ्याच्या हातात. मेलवरच्या ‘फ्रॉम’चं तेच आहे. त्यातून मेलला पत्ते दोन असतात. एक वाचणाऱ्याला दिसतो तो ‘फ्रॉम’. दुसरा ‘रिटर्न-पाथ’, मेल पोचला नाही तर कुठे परत करायचा तो. हा सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. एसपीएफ म्हणजे ‘या डोमेनचा मेल या सर्व्हरवरूनच येईल’ अशी यादी, पण ती ताडून पाहिली जाते दुसऱ्या पत्त्याशी. भामटा तिथे स्वतःचं डोमेन टाकतो. त्याच्या यादीत त्याचा सर्व्हर असतोच. एसपीएफ पास होतं, आणि पाहुण्याला दिसतं तुमचं नाव. डीकेआयएम ही मेलवरची डिजिटल सही, तीसुद्धा भलत्या डोमेनची असू शकते. पास झालेलं डोमेन आणि डोळ्यांना दिसणारं डोमेन एकच आहे का, हा प्रश्न विचारतं ते डीमार्क. दोघांपैकी एक तरी पास हवं आणि ते दिसणाऱ्या पत्त्याशी जुळायला हवं. म्हणून एसपीएफवर काम संपत नाही.

आता तुमच्याकडे डीमार्क आहे का, ते कुणालाही न विचारता पाहा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. एनएसलुकअप, मग जागा सोडून हायफन लावून टाइप=टीएक्सटी, पुन्हा जागा, आणि तुमचं डोमेन. जी उत्तरं येतील त्यांतलं व्ही=एसपीएफ१ने सुरू होणारं तुमचं एसपीएफ. मग हीच आज्ञा डोमेनच्या आधी अंडरस्कोर, डीमार्क आणि टिंब लावून द्या. व्ही=डीमार्क१ असं काही आलं तर रेकॉर्ड आहे. (इथली ‘डीमार्क’ ही अक्षरं मात्र रेकॉर्डमध्ये मोठ्या लिपीत लिहितात.) काहीच आलं नाही तर नाही. पॅनेलमध्ये, म्हणजे रेकॉर्ड भरायच्या पानावर, ‘मी टाकलंय’ आणि जगाला ‘दिसतंय’ यांत फरक असतो. त्यातला एक घोळ मला वारंवार सापडतो. होस्ट किंवा नेम या रकान्यात लोक अंडरस्कोर-डीमार्कनंतर पूर्ण डोमेन लिहितात, पॅनेल आपणहून पुन्हा डोमेन जोडतं, आणि रेकॉर्ड दुहेरी नावाच्या पत्त्यावर जाऊन बसतं. पॅनेलमध्ये ते सुरेख दिसतं. शोधणाऱ्याला सापडत नाही.

रेकॉर्ड असेल तर त्यात पी=च्या पुढे काय आहे ते वाचा. नन म्हणजे नुसती पाहणी, खोट्या मेलवर काही करा असं तुम्ही सांगितलेलंच नाही. क्वारंटाइन म्हणजे संशयित माना, बहुधा स्पॅममध्ये जातो. रिजेक्ट म्हणजे घेऊच नका. थेट रिजेक्टवर उडी मारू नका. तुमचा स्वतःचा बुकिंगचा मेल अडकेल. आधी नन ठेवा आणि सोबत आरयूए=मेलटू: असं लिहून रिपोर्टसाठी पत्ता द्या. तो आपल्याच डोमेनचा असू द्या. दुसऱ्या डोमेनचा पत्ता दिला तर त्या डोमेनने संमतीचं रेकॉर्ड ठेवावं लागतं, त्यामुळे साध्या जीमेल पत्त्यावर हे रिपोर्ट येत नाहीत. रोज एखादी झिप फाइल येईल, आत एक्सएमएल. घाबरू नका. त्यात कोणत्या आयपीवरून, म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरच्या क्रमांकावरून, किती मेल गेले आणि ते पास की फेल, एवढंच बघायचं. ओळखीचा आयपी फेल होत असेल तर तो दुरुस्त करायचा. अनोळखी फेल होतोय, तो भामटा.

मोठ्या संस्थेला मी हे पाहणं काही महिने चालू ठेवायला सांगते. तुमच्याकडे मेल पाठवणारे किती असणार? मेलबॉक्स, वेबसाइटचा बुकिंग फॉर्म, फार तर हिशेबाचं सॉफ्टवेअर. शिवाय तुमच्या नावाने फसवणूक आधीच चालू आहे. दोन आठवडे रिपोर्ट पाहून क्वारंटाइनवर जा. समुद्रातले खेळ ऑगस्टअखेरपर्यंत बंद, खोल्या रिकाम्या, एखादा मेल अडकला तरी पाहुणा ताटकळणार नाही. याहून चांगला काळ मिळणार नाही. गणपतीआधी रिजेक्ट लावून टाका.

प्रश्न : आमची हापूसची बाग आहे, पेट्या थेट ग्राहकांना पाठवतो. पाडव्यापासून ऑर्डरची पोच आणि बिलं ग्राहकांच्या स्पॅममध्ये जात होती. मेल गुगल वर्कस्पेसवर आहे, वेबसाइट वेगळ्या होस्टिंगवर, आणि हंगामाची जाहिरात एका बल्क मेल सेवेतून पाठवतो. तपासल्यावर एसपीएफची दोन रेकॉर्ड दिसली, एक गुगलचं, एक होस्टिंगचं. दोन्ही बरोबर आहेत असं त्या त्या कंपनीचं म्हणणं.
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : दादा, सुटं सुटं पाहिलं तर दोन्ही बरोबर. एकत्र असली की दोन्ही बाद! एका डोमेनला एसपीएफचं रेकॉर्ड एकच असतं. दोन सापडली की तपासणारा सर्व्हर ‘पर्मएरर’, म्हणजे रेकॉर्डच चुकीचं असल्याचा शेरा, देतो, आणि गुगलवरून गेलेला धडधडीत खरा मेलसुद्धा एसपीएफमध्ये पास होत नाही. व्ही=एसपीएफ१ एकदाच लिहा, त्यापुढे गुगलचं इन्क्लूड (त्या सेवेच्या सर्व्हरची यादी जोडणारा भाग), मग होस्टिंगचं, शेवटी एकदाच टिल्ड (यादीबाहेरचे सगळे संशयित) किंवा हायफन (यादीबाहेरचे सगळे अमान्य) लावून ऑल. ऑलच्या आधी अधिकचं चिन्ह कुणी सुचवलं तर साफ नकार द्या. त्याचा अर्थ जगातल्या कुठल्याही सर्व्हरला परवानगी. आणखी एक मर्यादा आहे. हे रेकॉर्ड तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस शोध घ्यावे लागले तरी ते बाद होतं, आणि एका इन्क्लूडच्या पोटात आणखी इन्क्लूड असतात, तेही मोजले जातात. पूर्वी वापरलेल्या आणि सोडून दिलेल्या सेवांची नावं त्यामुळे काढून टाका.

एसपीएफ नीट झालं की डीकेआयएम. गुगल वर्कस्पेसमध्ये अ‍ॅडमिन कन्सोलमधून किल्ली (सही पडताळण्यासाठीचा लांब सांकेतिक मजकूर) तयार करून ती डीएनएसमध्ये ठेवतात, इथवर बरेच जण येतात. त्यानंतर परत कन्सोलमध्ये जाऊन ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’ दाबावं लागतं. ते दाबल्याशिवाय तुमच्या डोमेनची सही मेलवर उमटत नाही. किल्ली २०४८ बिटची घ्या. टीएक्सटी, म्हणजे मजकुराच्या, रेकॉर्डमधल्या एका तुकड्याची मर्यादा २५५ अक्षरांची असल्यामुळे काही पॅनेल ती लांब किल्ली मध्येच तोडतात. डीएनएसमध्ये दिसणारी किल्ली आणि कन्सोलमधली किल्ली शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून पाहा. बल्क मेल सेवेतही ‘डोमेन ऑथेंटिकेशन’ असा भाग असतो, तो पूर्ण करा. नाहीतर सही त्या सेवेच्या डोमेनची पडते आणि डीमार्कच्या हिशेबी ती तुमची नसते.

वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्मही बघा. ग्राहकाने भरलेला जीमेल पत्ता ‘फ्रॉम’मध्ये टाकून फॉर्म तुम्हाला मेल पाठवत असेल, तर तुमचा सर्व्हर जीमेलचं सोंग घेतोय असं मानलं जातं. ‘फ्रॉम’मध्ये तुमच्या डोमेनचा पत्ता, ‘रिप्लाय-टू’मध्ये ग्राहकाचा. कित्येक चौकश्या एवढ्यासाठी हरवतात, आणि बागायतदाराला वाटतं की यंदा मागणीच नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्याला तिन्ही रेकॉर्ड सक्तीची आहेत. त्याहून कमी पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक हवंच. पण हेही स्पष्ट सांगते की तिन्ही पास म्हणजे इनबॉक्सची हमी नाही. मेल तुमचाच आहे एवढं सिद्ध होतं, तो हवासा आहे हे नाही. दहा महिने गप्प राहून मार्चमध्ये सगळ्या जुन्या यादीला एकाच सकाळी मेल गेला की लोक तो स्पॅम म्हणून टिपतात. हे प्रमाण गुगलच्या लेखी ०.३ टक्क्यांच्या आत राहायला हवं. हजार मेलमागे तीन तक्रारी आल्या की तुम्ही सीमेवर पोचलात. यादी साफ करा, आणि गेल्या हंगामात ज्यांनी पेटी घेतली त्यांच्यापासून हळूहळू सुरुवात करा.

प्रश्न : आमच्या गावच्या देवस्थानाच्या डोमेनला डीमार्क रिजेक्ट आहे. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचा एक सामाईक पत्ता आहे, त्यावर आलेला मेल सगळ्या चाकरमान्यांना आपोआप फॉरवर्ड होतो. उत्सवाचं पत्रक निम्म्यांना पोचलंच नाही.
— एक विश्वस्त, संगमेश्वर तालुका

उत्तर : फॉरवर्ड झालेला मेल मंडळाच्या सर्व्हरवरून येतो, आणि तो तुमच्या एसपीएफ यादीत नसतो. त्यामुळे इथे सगळी भिस्त डीकेआयएमवर. सही मेलसोबत पुढे जाते आणि शाबूत राहते, पण मंडळाच्या पत्त्याने विषयाआधी मंडळाचं नाव जोडलं किंवा खाली तळटीप चिकटवली की मजकूर बदलतो आणि सही मोडते. आधी एका चाकरमान्याला पोचलेल्या मेलवर ‘शो ओरिजिनल’ करून बघा. डीकेआयएमची ओळच नसेल तर सही सुरू करा. ओळ असून फेल असेल तर मंडळाला ती जोडाजोड बंद करायला सांगा. रिजेक्ट मात्र काढू नका. ते काढलं तर देवस्थानाच्या नावाने देणगी मागणारा मेल कुणीही पाठवू शकेल, आणि भाविक तो पडताळून पाहत नाही.

प्रश्न : डोमेनवर नुसती वेबसाइट आहे, मेल वापरतच नाही. तरी हे सगळं लागतं का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : लागतं, आणि तुमचं काम सगळ्यांत सोपं आहे. ज्या डोमेनवर मालक मेल वापरत नाही तिथे खोटा मेल गेला तरी लवकर कळत नाही. एसपीएफमध्ये व्ही=एसपीएफ१ आणि हायफन-ऑल, बाकी काही नाही. डीमार्कमध्ये पी=रिजेक्ट. एमएक्स रेकॉर्डमध्ये (डोमेनवर येणारा मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचा ते सांगणाऱ्या) प्राधान्य शून्य आणि सर्व्हरच्या जागी नुसतं एक टिंब, म्हणजे इथे मेल घेतला जात नाही. तुमचा स्वतःचा मेल अडकण्याची भीती नसल्याने नन, क्वारंटाइन हे टप्पे तुम्हाला नाहीत. उद्या त्या डोमेनवर मेल सुरू करायचं ठरलं, तर आधी ही तिन्ही रेकॉर्ड बदलायची आणि मगच पहिला मेल पाठवायचा.