नोकरी नकोशी झाली, तर आधी काय तपासावे?

"नोकरीत मन लागत नाही, सोडून द्यावी का?" हा प्रश्न घेऊन बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील कार्यालयीन कर्मचारी माझ्याकडे वरचेवर येतात, आणि बहुतेकांनी आपल्या मनाशी उत्तर आधीच ठरवलेले असते. त्यांना मी राजीनाम्याचा विषय थोडा बाजूला ठेवायला सांगते. या नकोसेपणातला किती भाग खरोखर कामाचा आहे आणि किती भाग कामाभोवतीच्या दिनक्रमाचा आहे, हे वेगळे केल्याशिवाय असा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी एका गृहस्थांचा अनुभव त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून येथे देत आहे.

वय चाळिशीच्या आसपास, घर खानापूर तालुक्यातील एका गावात आणि नोकरी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातील एका कारखान्याच्या हिशेब विभागात. पत्नीच्या आग्रहावरून ते आले होते. "मॅडम, काम येत नाही असं नाही. पण सकाळी बसमधून उतरलो की त्या खुर्चीकडं जावंसंच वाटेना झालंय बघा," असे ते म्हणाले. जीएसटीच्या विवरणपत्रांनी आपला जीव मेटाकुटीला आणला आहे, अशी त्यांची ठाम समजूत होती. महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या मुदती त्यांच्या डोक्यावर सतत टांगलेल्या असत.

मी त्यांना एक साधी वही ठेवायला सांगितली. रात्री किती वाजता झोपलो, दुपारी काय आणि कुठे बसून खाल्ले, चहा किती वेळा झाला, आणि दिवसातला सर्वांत असह्य तास कोणता, एवढेच त्यात टिपायचे होते. पुढच्या भेटीत आम्ही ती वही दोघांनी मिळून वाचली, तेव्हा त्यांनाच आश्चर्य वाटले. मुदतीच्या दिवशी त्यांची धावपळ होत असे, पण त्या दिवसांपुढे "आज बरे वाटले" अशीही नोंद होती. वाईट दिवस वेगळेच होते. मध्यरात्र उलटेपर्यंत मोबाईल पाहिलेल्या रात्रीनंतरचे, आणि डबा न उघडता चहा व भजी यांवर काढलेल्या दुपारचे. पत्नीने पहाटे उठून केलेली नाचणीची भाकरी आणि भाजी अनेकदा तशीच घरी परत जात होती, आणि त्यावरून घरात होणारी कुरबुरही ते नोकरीच्याच खात्यात मांडत होते.

प्रौढ माणसाला साधारणपणे रोज सात तास तरी झोप लागते. चहाकॉफीतील कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात, त्यामुळे कार्यालय सुटताना घेतलेला कडक चहा रात्री अंथरुणावरही आपला अंमल गाजवत असतो. त्यांचे चक्र असे होते: झोप अपुरी म्हणून चहा, चहामुळे झोप लांबलेली, आणि झोप येईना म्हणून पुन्हा हातात मोबाईल.

आम्ही सगळे एकदम बदलायला घेतले नाही. पहिली गोष्ट दुपारच्या जेवणाची: संगणकासमोरून उठायचे, डबा इतरांबरोबर बसून खायचा आणि नंतर दहा मिनिटे चालायचे. जेवणानंतर थोडे चालल्याने रक्तातील साखर एकदम चढत नाही आणि दुपारची गुंगी कमी होऊ शकते. खानापूरकडचा पाऊस ठाऊक असल्यामुळे मी आधीच विचारले की जून ते सप्टेंबरपर्यंत चालणार कुठे? जी सवय पावसाळ्यात मोडते, ती दसऱ्याला आपोआप परत येत नाही. कारखान्याच्या गोदामातील लांब मार्गिका त्यांनीच सुचवली. चार वाजल्यानंतर चहा बंद करणे मात्र त्यांना जड गेले, आणि काही दिवस डोकेही दुखले. लंडन येथील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले होते, पण व्यक्तीव्यक्तींमधला फरक 18 ते 254 दिवस इतका मोठा होता. एखादा दिवस चुकल्याने सारे वाया जात नाही, हेही त्यात दिसले होते. हे समजल्यावर त्यांनी स्वतःला दोष देणे पुष्कळ कमी केले.

जेवणाच्या टेबलावर आणखी एक गोष्ट उलगडली. त्यांचे शिक्षण मराठी माध्यमातले, आणि सरकारी कार्यालयांकडून येणारी पत्रे कन्नडमध्ये. बोलण्यापुरते कन्नड त्यांना उत्तम येते, पण कार्यालयीन भाषेतील पत्र वाचताना ते अडखळत असत आणि संकोचापोटी ती पत्रे खणात साठत जात. सीमाभागातील मराठी कर्मचाऱ्यांचा हा शीण मी नेहमी पाहते, आणि त्याला त्या माणसाचे वैगुण्य समजणे अन्यायाचे आहे. बरोबर जेवणाऱ्या कन्नडभाषक सहकाऱ्याने आपण होऊन मदत देऊ केली. आता डोके ताजे असते त्या सकाळच्या पहिल्या तासात ते एक पत्र वाचतात आणि अडलेले शब्द दुपारी त्याला विचारतात.

घरी गेल्यावरही डोक्यात घोळणाऱ्या कामांसाठी उपाय अगदी छोटा होता. निघण्यापूर्वी उरलेली कामे आणि उद्या त्यांतले पहिले कोणते, कसे करायचे, हे कागदावर लिहायचे. अपुऱ्या कामाची नेमकी योजना केली की त्याचे विचार मनात कमी घुसतात, असे मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये दाखवले आहे. मोकळ्या झालेल्या संध्याकाळी ते गावच्या भजनी मंडळात पुन्हा जाऊ लागले.

तरीही सवयींवर सगळा भार टाकू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कामातून येणाऱ्या थकव्याची व्याख्या करताना कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणाकडेच बोट दाखवले आहे. ज्यादा तासांचा मोबदला न देता कर्मचाऱ्यांना केवळ दीर्घ श्वास घ्यायला शिकवणे मला मान्य नाही. शिवाय दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. रक्तक्षय, थायरॉइड किंवा मधुमेहही असाच थकवा देतात. जगणे नकोसे वाटत असेल, तर क्षणभरही न थांबता घरच्यांना सांगावे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलावे. धारवाडची मानसिक आरोग्य संस्थाही आपल्यापासून फार दूर नाही.

या गृहस्थांच्या वहीत आता असह्य तासाचा रकाना बहुतेक दिवशी रिकामा असतो. उरलेली तक्रार पगाराची होती आणि ती खरीच होती. कित्येक वर्षांत वाढ मिळालेली नाही, हे त्यांनी मालकांना लेखी कळवले आहे. मार्चअखेरपर्यंत उत्तर आले नाही, तर दुसरीकडे अर्ज करायचा, असे त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने मिळून ठरवले आहे.