‘शॉर्ट सेल’ला मराठीत काय म्हणावे?

अमेरिकेत घरांच्या खरेदी-विक्रीत एजंट म्हणून काम करणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, ‘शॉर्ट सेल’चे घर विकायला घेताना मराठी मालकाला हा प्रकार समजावून सांगण्यासाठी ‘अल्पविक्री’ किंवा ‘तोट्यातील विक्री’ हे शब्द चालतील का.

माझ्या मते दोन्ही टाळावेत. येथे ‘शॉर्ट’ म्हणजे लहान किंवा झटपट नव्हे, तर कमी पडणारे: विक्रीतून येणारी रक्कम घरावरील कर्ज फेडायला अपुरी पडते आणि तरीही बँक तेवढ्यावर घर गहाणातून मोकळे करायला राजी होते. ‘अल्पविक्री’ या शब्दातून यातले काहीच कळत नाही. उलट व्यवहार लवकर उरकेल अशी समजूत होण्याचा धोका आहे, आणि प्रत्यक्षात तर बँकेच्या मंजुरीला कित्येक महिने लागू शकतात.

‘तोट्यातील विक्री’ अधिक फसवा आहे, कारण तोटा मोजायचा तो खरेदीच्या किमतीवरून, आणि येथे हिशेब आहे कर्जाच्या बाकीचा. समजा, एखाद्याने दोन लाख डॉलरना घेतलेल्या घरावर, भाव चढल्यावर, कर्ज वाढवून तीन लाखांचे केले आणि भाव पडल्यावर ते घर अडीच लाखांना विकले, तर खरेदीच्या मानाने पन्नास हजार वर आले असूनही हा शॉर्ट सेलच ठरतो. २००८च्या आसपास किमती कोसळल्या तेव्हा असे कर्ज वाढवलेले अनेक मालक अडचणीत आले होते.

‘तुटीचा अर्थसंकल्प’ हा प्रयोग आपल्या कानांना सरावाचा आहे. त्याच धर्तीवर ‘तुटीची विक्री’ म्हणावे आणि पहिल्या उल्लेखात ‘बँकेच्या संमतीने’ हे शब्द अवश्य जोडावेत, कारण मालक आणि खरेदीदार यांचे किमतीवर जमले तरी बँकेच्या होकाराशिवाय व्यवहार पुरा होत नाही.

‘कर्जमाफी’ या शब्दाबाबत मात्र विशेष जपावे. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीमुळे हा शब्द ऐकताच सगळे देणे पुसले गेले असे मराठी माणूस धरून चालतो. येथे तसे आपोआप होत नाही. कॅलिफोर्नियात २०११च्या कायद्यामुळे अशा विक्रीला मंजुरी देणाऱ्या बँकेला चार घरांपर्यंतच्या निवासी मालमत्तेवरील उरलेली रक्कम सहसा मागता येत नाही, पण इतर अनेक राज्यांत ती सोडल्याचे मंजुरीपत्रात स्पष्ट लिहून घ्यावे लागते. शिवाय सोडलेली रक्कम प्राप्तिकरासाठी उत्पन्न धरली जाऊ शकते. म्हणून ‘माफी’ हे नाम टाळून ‘बँकेने बाकी सोडली’ असे लिहावे, आणि कोणत्या बँकेने किती बाकी सोडली हे त्याच वाक्यात यावे.