केमिस्ट्री कच्ची आहे, तरी ऊर्जा साठवणुकीत जाऊ का?

तुझं पत्र वाचलं. इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, सौर ऊर्जेत काम करायचं आहे, पण जो तो सांगतोय की आता खरी गरज पॅनेलपेक्षा साठवणुकीची आहे. केमिस्ट्रीची तुला शाळेपासून धास्ती. त्यामुळे सहा महिन्यांचा ‘बॅटरी टेक्नॉलॉजी’चा सर्टिफिकेट कोर्स करावा की सरळ मास्टर्सला जावं, हे ठरत नाहीये. शिवाय बाबांची शंका आहेच: आज लिथियम आहे, उद्या सोडियम आलं तर शिकलेलं वाया जाणार नाही का?

केमिस्ट्रीचंच आधी बघू, कारण तिथेच तू अडून बसली आहेस. नवं कॅथोड (सेलचं धन टोक) शोधायचं, इलेक्ट्रोलाइट (आतलं आयन वाहून नेणारं द्रव्य) सुधारायचा, म्हणजे बॅटरीच्या एकेका सेलच्या आतलं काम करायचं, तर केमिस्ट्री आणि मटेरियल सायन्सला पर्याय नाही. ते काम त्या शाखेतल्या मुलांना करू दे. सेल कारखान्याबाहेर पडला की पुढचं बरंचसं काम तुझ्या शाखेचं असतं.

एक उदाहरण देते. ग्रिडला, म्हणजे विजेच्या सामायिक जाळ्याला जोडलेल्या बॅटऱ्यांमध्ये सध्या लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी सेल मोठ्या प्रमाणावर वापरतात. या सेलमध्ये किती चार्ज शिल्लक आहे हे ओळखायचं कसं? व्होल्टेज मोजून, असं तू पटकन म्हणशील. पण एलएफपीचा व्होल्टेजचा आलेख मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. सेल ४० टक्के भरलेला असो की ६०, फरक काही मिलिव्होल्टचा. म्हणून बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे बीएमएस, आत-बाहेर जाणारा करंट मोजून त्याचा हिशेब ठेवते. आता करंटचा सेन्सर फक्त ०.१ अँपिअरने एका बाजूला चुकतो असं धर. दिवसाला २.४ अँपिअर-तासांची चूक साठत जाते. सेल १०० अँपिअर-तासांचा असेल तर चार दिवसांत हिशेब जवळपास १० टक्क्यांनी हुकला! बीएमएस ‘अजून १० टक्के आहे’ सांगतंय आणि प्रत्यक्षात सेल रिकामा. ही चूक कशी पकडायची, कधी पूर्ण चार्ज करून हिशेब पुन्हा जुळवायचा, कालमन फिल्टर (चुका असलेल्या मोजमापांतून खरा आकडा अंदाजणारी गणिती पद्धत) वापरायचा का, हे सगळं सिग्नल, सेन्सर आणि कंट्रोलचं काम आहे. यात केमिस्ट्री लागते ती एवढीच, की आलेख सपाट का आहे हे कळावं. तेवढी तुला दोन आठवड्यांत जमेल.

बाबांच्या शंकेचं उत्तरही यातच आहे. सोडियम-आयन सेलचा आलेख एलएफपीपेक्षा उतरता असतो. त्यामुळे चार्ज ओळखणं थोडं सोपं होतं, पण व्होल्टेजचा पल्ला मोठा असल्याने कन्व्हर्टरला (बॅटरीची वीज ग्रिडला हवी तशी करून देणाऱ्या यंत्राला) जास्त सांभाळावं लागतं. म्हणजे आकडे बदलले, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स तेच राहिलं. बाबांना हेही सांग की फ्रेंच शास्त्रज्ञ प्लान्टेची १८५९ची लेड-ॲसिड बॅटरी अजून वापरात आहे आणि लिथियम-आयन १९९१ पासून बाजारात आहे. या क्षेत्रात जुनं तंत्रज्ञान एका रात्रीत हद्दपार होत नाही.

मात्र साठवण म्हणजे बॅटरी, हे समीकरण तू डोक्यातून काढावंस असं मला मनापासून वाटतं. तुझ्या पत्रात पंप्ड स्टोरेजचा उल्लेखच नाही. वीज जास्त असताना पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि लागेल तेव्हा खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. वेल्समधलं डिनॉरविग केंद्र १९८४ पासून हेच करतंय. त्याची क्षमता १,७२८ मेगावॉट आहे आणि पूर्ण ताकदीने ते साधारण पाच तास चालू शकतं. याउलट दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये उभारलेली हॉर्न्सडेलची बॅटरी सुरुवातीला १०० मेगावॉट आणि १२९ मेगावॉट-तासांची होती, म्हणजे पूर्ण ताकदीने सव्वा तासाच्या आसपास. मग तिचा उपयोग काय? एखादं मोठं जनित्र अचानक बंद पडून ग्रिडची फ्रिक्वेन्सी घसरायला लागली की ती सेकंदाच्या आत धावून येते. मेगावॉट म्हणजे नळ किती जाड, मेगावॉट-तास म्हणजे टाकी किती मोठी. हा फरक पक्का नसलेले उमेदवार मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत उघडे पडतात.

सर्टिफिकेट कोर्सबद्दल माझं मत जरा कडवट आहे. असे बरेच कोर्स इलेक्ट्रिक गाड्या डोळ्यांसमोर ठेवून बेतलेले असतात. गाडीत वजन आणि जागा महत्त्वाची. ग्रिडवरच्या बॅटरीला वजनाचं फारसं सोयरसुतक नसतं, तिथे चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या किती मिळतात, आग लागण्याचा धोका किती आणि दर युनिटमागे खर्च किती हे बघतात. अभ्यासक्रम मागवून घे. सेल प्रत्यक्ष चार्ज-डिस्चार्ज करून मोजायला मिळणार असतील तर विचार कर. नुसत्या स्लाइड असतील तर पैसे वाचव.

त्याऐवजी या सुट्टीत एक काम कर. युरोपियन कमिशनच्या पीव्हीजीआयएस या मोफत साधनावरून एखाद्या ठिकाणच्या सौर निर्मितीचे वर्षभराचे तासातासाचे आकडे उतरवून घे. ८,७६० ओळींची स्प्रेडशीट होईल. शेजारी विजेच्या मागणीचा अंदाज मांड आणि तिसऱ्या रकान्यात बॅटरीची पातळी. चार्ज-डिस्चार्जमधली गळती धरायला विसरू नकोस. आता बॅटरीचा आकार वाढवत जा. सुरुवातीच्या थोड्या किलोवॉट-तासांत रात्रीचा तुटवडा भराभर कमी होतो. मग वेग मंदावतो. शेवटचे सलग ढगाळ दिवस भरून काढायला बॅटरी कितीतरी पट मोठी करावी लागते आणि ती वर्षातला बहुतेक काळ नुसती बसून राहते. पंप्ड स्टोरेज, फ्लो बॅटरी (टाक्यांतल्या द्रवात ऊर्जा साठवणारी), हायड्रोजन यांचा विचार लोक का करतात हे तुला तुझ्याच आकड्यांतून दिसेल. हायड्रोजनमध्ये वीज घालून परत काढताना निम्म्याहून जास्त वाया जाते, तरीही. हे काम नीट लिहून काढलंस तर अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टचा पाया तयार.

आणि हो, घरी लिथियम सेल जोडून प्रयोग करायचा मोह झाला तर आवर. शॉर्ट झालेला मोठा सेल शेकडो अँपिअर सोडतो. ते प्रयोग लॅबमध्ये, शिक्षक समोर असताना.

मास्टर्सचं अंतिम वर्षात ठरव. कोर्सच्या नावात ‘रिन्यूएबल’ किंवा ‘स्टोरेज’ आहे का हे बघत बसू नकोस. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, पॉवर सिस्टिम्स किंवा कंट्रोल यांपैकी एक विषय मजबूत शिकवणारा विभाग निवड. तिथे बॅटरी सायकलर (सेल पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज करून तपासणारं यंत्र) आहे का, ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टरवर (ग्रिडचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी स्वतः धरून ठेवणाऱ्या इन्व्हर्टरवर) कुणी काम करतंय का, हे तिथल्या संशोधक विद्यार्थ्यांना मेल करून थेट विचार. प्राध्यापकांपेक्षा ते लवकर उत्तर देतात, आणि यंत्र खरंच चालू आहे की झाकून ठेवलंय तेही सांगतात.