टूलकिट अपग्रेड करण्याआधी

टूलकिटची, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडून चालणाऱ्या ॲड-ऑनची, नवी आवृत्ती आली म्हणून लगेच अपग्रेड करू नका. आधी मूळ सॉफ्टवेअर कोणत्या वर्षाचं आहे ते बघा, कारण निर्णय तिथेच होतो. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचंच घ्या. त्याची २०२४ ची आवृत्ती डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर (प्रोग्रॅम चालवणारा मायक्रोसॉफ्टचा पाया) चालायची, २०२५ ची आवृत्ती डॉटनेट ८ वर गेली. त्यामुळे डॉटनेटमध्ये लिहिलेलं जुनं ॲड-ऑन तिथे जसंच्या तसं चालेल याची खात्री नाही. मूळ सॉफ्टवेअर बदलणार असाल तर टूलकिटही बदलावंच लागेल. ते बदलणार नसाल आणि रोजचं काम अडत नसेल, तर थांबा.

ड्रॉइंगची देवाणघेवाण होत असेल तर जास्त जपा. टूलकिटने बनवलेले खास ऑब्जेक्ट समोरच्याकडे ते ॲड-ऑन नसेल तर प्रॉक्सी म्हणून, म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी नुसतं रूप म्हणून, उघडतात. दिसतात, पण नीट एडिट होत नाहीत. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीवाल्या सहकाऱ्याकडे हाच त्रास देऊ शकते. म्हणून एका जुन्या ड्रॉइंगची कॉपी नव्या आवृत्तीच्या ट्रायलमध्ये उघडा, बदल करून सेव्ह करा आणि त्याच्याकडे उघडून बघायला सांगा.

प्रोजेक्ट अर्ध्यावर असताना मात्र अपग्रेडला हात लावूच नका. जुना इन्स्टॉलर आणि लायसन्सची माहितीही जपून ठेवा.